अमरावतीवाली

नवीन मूल आलं की मावशी त्याच्याकडे पाठ करून बसायच्या.

आम्ही बाकीचे पुढे व्हायचो. कोणी बिस्किटाचा पुडा काढायचं, कोणी वाकून नाव विचारायचं, कोणी ‘ये ये’ करत हात पसरायचं. मावशी मात्र चार हातांवर, भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसायच्या आणि सुपातली डाळ निवडू लागायच्या. डाळ आधीच निवडलेली असली तरी पुन्हा निवडायच्या. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मला तो तुसडेपणा वाटला. विचारलं तेव्हा मान न वळवता म्हणाल्या, “तोंड पाह्यलं का लेकरू भेते, मॅडम. मोठ्या मानसाच्या तोंडावर कवा काय येईन याचा त्याले भरोसा नसते. पाठ पाहू द्या पह्यले. घाई कायची हाय?”

‘घाई कायची हाय’ हे त्यांचं नेहमीचं. बालकल्याण समितीची तपासणी तासाभरावर आलेली असो की तीसजणांचा वरण-भात अर्धवट असो. आमच्या अधीक्षिका या वाक्यावर चिडायच्या. मुलं मात्र ते ऐकून जराशी सैल व्हायची, हे मी कितीदा पाहिलं.

आमची संस्था अमरावतीत, बडनेरा रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत होती. ज्यांना घर नाही, किंवा ज्यांना घरात ठेवणं धोक्याचं, अशी दोन ते आठ वर्षांची मुलं तिथं असायची. मी समाजकार्याचं शिक्षण संपवून आलेली. माझं काम कागदांचं: प्रत्येक मुलाची माहिती, अहवाल, दत्तकाची तयारी. मावशींचं काम मुलांचं. अंघोळी, जेवण, वेण्या, ताप, ओल्या गाद्या. त्या तिथंच राहायच्या. जिन्याखालच्या खोलीत एक लोखंडी कॉट, बुद्धाची लहानशी मूर्ती आणि एक पत्र्याची पेटी, एवढाच संसार. उंच, रुंद पंजाच्या, पदर कमरेला खोचलेला. दर्यापूरकडच्या खेड्यातल्या, सातवी शिकलेल्या. नवरा तरुणपणीच गेला एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. वर्षानुवर्षं शेजारी काम करतात आणि त्यांच्याबद्दल आपण दोन ओळींपलीकडे काही सांगू शकत नाही.

रेणू आली ती मूर्तिजापूर स्टेशनवरून. नाव बदलून लिहिते आहे. वय चारच्या आसपास. आई कधी गेली हे कोणाला धड सांगता येईना. नात्यातल्या एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात अशी ती फिरवली गेली होती. शेवटच्या घरात सगळे मजुरीला जाताना तिला खोलीत कोंडून जायचे आणि दिवस मावळल्यावर दार उघडायचे. एका सकाळी तिला फलाटावरच्या बाकावर बसवून कोणीतरी निघून गेलं.

मावशी पाठ करून बसल्या. पण या वेळी त्याची गरजच पडली नाही. रेणू सरळ माझ्याकडे आली, मांडीवर चढली आणि म्हणाली, “तू माझी मम्मी होशील?”

मी विरघळलेच. दुसऱ्या दिवशी ती दूधवाल्याच्या गळ्यात पडली. रविवारी कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन पाहुणे आले, तेव्हा ती चार अनोळखी मांड्यांवर आळीपाळीनं बसली. पाहुण्या बायकांनी डोळे पुसले. किती प्रेमळ आहे हो, म्हणाल्या. मावशी दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

“सगळ्याईच्या मांडीवर बसते,” त्या नंतर मला म्हणाल्या, “म्हंजे कोनाचीच मांडी तिची नाई.”

एकदा रेणू घसरगुंडीवरून तोंडावर पडली. ओठ फाटला. तिनं उठून फ्रॉकला रक्त पुसलं आणि पुन्हा शिडी चढू लागली. मी म्हटलं, किती धीट आहे. मावशींचा चेहरा उतरला होता. “धीट नाई, मॅडम. रडून कोनी येत नाई हे तिले समजलं हाय. मले याचंच भेव वाटते.”

मी त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं, ‘बालिका स्नेहशील असून नवीन व्यक्तींशी पटकन रुळते.’ मावशींना अहवाल वाचून दाखवायची माझी पद्धत होती, कारण मुलांचे बारकावे त्यांच्याकडून मिळायचे. हे वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, “हे लिवू नोका.”

“का बरं?”

“रुळते म्हंजे कसं? तिले अजून कुठीच गमत नाई.”

वऱ्हाडात गमणं म्हणजे जीव रमणं, एखाद्या जागेत, माणसात जीव बसणं. मी अकोल्याची, मला शब्द नवा नव्हता. पण अहवालात ‘गमत नाही’ असं कुठल्या रकान्यात लिहायचं? वाक्य मी तसंच ठेवलं.

पुढचे आठ-नऊ महिने मावशींनी रेणूसोबत जे केलं ते बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. ती उशीखाली पोळ्या लपवायची. दुसऱ्या बाईनं त्या फेकल्या तर तिनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मावशींनी तिला झाकणाचा एक डबा दिला. “हा तुहा. यातली पोळी कोनी नेनार नाई. शिळी झाली का मले सांग, ताजी ठेवू.” डबा रोज उघडून दाखवायचा, रोज भरायचा. ती चावली तर हात न झटकता म्हणायच्या, “चावून झालं? आता पानी पे.” तिची वेणी फक्त त्याच घालायच्या. पाहुणे आले की तिला कामाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात न्यायच्या. संडासला जायचं असलं तरी तिला सांगून जायच्या आणि आल्यावर पुन्हा सांगायच्या, “आली मी.” आम्हाला हसू यायचं.

मग एक दिवस मावशींचा चेहरा खुललेला. काय झालं म्हणून विचारलं. “आज माह्यावर चिडली. दुसरीची वेणी आंधी काऊन घातली म्हून. भांडली, मॅडम. रडलीबी उलसी.” रेणू रुसून जिन्यावर बसली होती आणि मावशी पास झालेल्या मुलीसारख्या हसत होत्या.

त्याच महिन्यात अकोल्याच्या जोडप्याची निवड झाली. नवरा-बायको दोघंही नोकरीतले, कितीतरी वर्षं यादीत वाट पाहणारे. त्यांनी माझा अहवाल वाचला होता. पहिल्याच भेटीत रेणू त्यांच्या गळ्यात पडली, “मम्मी” म्हणाली, आणि त्या बाई ढसाढसा रडल्या.

मावशी माझ्या टेबलाशी आल्या. “उलसं थांबवता येईन? चार-सहा महिने. आत्ता कुठी तिचं मूळ धरून राह्यलं.”

मी म्हटलं, “मावशी, घर मिळतंय तिला. आपण कोण थांबवणारे?”

 मी खोटं बोलले नव्हते. पण फाइल पूर्ण झाल्याचा आनंदही त्या बोलण्यात होता, आणि तो त्यांनी ऐकला असणार. रेणू गेली तेव्हा मावशींनी तो डबा पोळ्यांनी भरून सोबत दिला. मोटार निघताना रेणूनं मागे वळूनही पाहिलं नाही. मला तो चांगला शकुन वाटला.

तीन महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. “मला ही मुलगी परत द्यायची आहे. काय पद्धत असते?”

हे घडतं. दत्तकाचा अंतिम आदेश होण्याआधी मुलं परत येतात. परत आलेलं मूल कसं असतं ते मी तोवर दोनदा पाहिलं होतं. मी मावशींना सांगितलं. त्या तांदूळ धूत होत्या. पाणी तसंच वाहू दिलं. मग म्हणाल्या, “तिले सांगा, परत पाठवाचं तं पाठवजो, पन आंधी मी येतो. रविवारी मले सुटी हाय.”

अधीक्षिकांची परवानगी घेतली आणि आम्ही दोघी बसनं अकोल्याला गेलो. एप्रिलचं ऊन. त्या घरात कूलर सुरू होता, सोफ्यावर इस्त्रीचे अभ्रे होते, भिंतीवर रेणूचे तीन फोटो. सगळ्या फोटोंत ती हसत होती. मावशींना पाहून ती धावत आली नाही. ती माझ्याच पर्समध्ये हात घालू लागली.

फोन करणाऱ्या त्या ताई आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि कपाट उघडलं. उशांच्या अभ्र्यांत बुरशी आलेल्या पोळ्या, चिवडा, अर्धं सफरचंद. त्यांनी आपल्या दंडावरचे चावे दाखवले. “कोणी आलं की मिठी मारते मला. सगळे म्हणतात, किती गोड पोर आहे, नशीबवान आहात. दार लागलं की अंगावर थुंकते. कालच्या रिक्षावाल्याला पप्पा म्हणाली. मी कोणाला सांगू?” मग खाली बसल्या. “मावशी, मला ती आवडत नाही. मी देवाची शपथ घेऊन सांगते, मी प्रयत्न केला.”

मला वाटलं, मावशी आता समजूत घालतील.

“नोका आवडू,” मावशी म्हणाल्या. “आवडाची घाई कायची हाय? जेवू घाला, आंग धुवून द्या, वेणी घाला. हातानं करा. आवडनं मांगून येते. नाईच आलं तरी लेकराचं पोट तं भरते.”

 इतके महिने ताईंना असं कोणी म्हटलं नव्हतं.

मावशींनी विचारलं, “तुले परत पाठवीन, असं म्हतलं का कवा तिले?”

ताई म्हणाल्या, “दोनदा.”

मावशींनी मान हलवली. रागावल्या नाहीत. “आता तिसऱ्यांदा नोका म्हनू. ते तेवढंच ऐकाले कान लावून बसली हाय. ते वाईट नाई, ताई. ते पाहून राह्यली, तुमी बी कवा सोडता ते. सोडनारच असान तं लवकर सोडा, असं तिचं हाय.”

मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या अहवालातलं ते वाक्य मला तोंडपाठ होतं. ताईंनी ते वाचून घर सजवलं होतं.

त्यानंतर दर सुटीच्या रविवारी मावशी अकोल्याला जाऊ लागल्या. बहुतेक वेळा मीही सोबत. त्यांनी त्या घराला काही गोष्टी लावून दिल्या. काही महिने पाहुणे नकोत. रेणूला खायला द्यायचं, पाणी द्यायचं, ते फक्त आईनं. दुसऱ्या कोणाच्या मांडीवर नाही, अगदी आजी आली तरी. दार बाहेरून कधीच लावायचं नाही. पोळीचा डबा पुन्हा सुरू. ताई वहीत लिहून घ्यायच्या. कधी चिडून म्हणायच्या, “हे किती दिवस?” मावशींचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

सुधारणा व्हायची आणि पुसली जायची. एका रविवारी रेणूनं आईच्या हातून दोन घास खाल्ले. पुढच्या रविवारी तिनं लग्नातला अल्बम कात्रीनं कापला होता, आणि ताईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला होता, आणि दोघी दोन खोल्यांत बसून होत्या. मावशी एकदा इकडे, एकदा तिकडे. त्या दिवशी परतताना त्या मला म्हणाल्या, “मले सांगता येत नाई, मॅडम. होईन का नाई होईन.” त्यांना असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जून सरत आला होता, पावसाचा पत्ता नव्हता. आम्ही चौघी समोरच्या खोलीत होतो. रेणूनं कपाटाचं दार जोरात लावलं आणि तिचं बोट त्यात सापडलं. ती किंचाळली.  तिचा तसा आवाज आम्ही कोणी ऐकला नव्हता. बोट धरून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी. तिनं मावशींकडे पाहिलं आणि एक पाऊल टाकलं.

मावशींचे हात पुढे गेलेले मी पाहिले. मग त्यांनी ते मागे घेतले, उठल्या आणि चपला न घालता घराबाहेर निघून गेल्या.

रेणू दारापर्यंत धावली. दार उघडंच होतं. ती उंबरठ्यावर थांबली, बाहेर पाहिलं आणि मग जे ओरडणं सुरू झालं ते पोटातलं होतं. ताई गेल्या, खाली बसल्या, तिला धरलं. तिनं लाथा मारल्या, केस ओढले. ताईंनी सोडलं नाही. तिला धरून त्या नुसत्या झुलत होत्या. हळूहळू लाथा थांबल्या, आणि रेणूनं ते सुजलेलं बोट आईच्या तोंडासमोर धरलं. फुंकर घालायला.

मी बाहेर गेले. मावशी समोरच्या कडुनिंबाच्या खोडाला धरून उभ्या होत्या. पाय पोळत असणार. पदर तोंडात कोंबलेला.

“चला,” त्या म्हणाल्या. “आता मी येनार नाई हिथं.”

“मावशी, निदान महिन्यातून एकदा...”

“मी येत राह्यली तं ते पोट्टी जनमभर दोन दाराईच्या मधात उभी राहीन.”

परतीची बस मूर्तिजापूरला थांबली होती. मावशी खिडकीकडे बघत बोलू लागल्या.

“माही लेक दोन वर्साची होती तवा मी या कामाले लागली. मायजोळ ठेवली तिले, दर्यापूरले. मी निंघायची तवा ते पायाले बिलगे, सोडेच ना. सारे म्हनत, झोपली का निंघून जात जाय, म्हंजे रडनार नाई. तसंच केलं मी. चार वर्सं केलं. मंग ते झोपेचना. मी घरात हाय तवर टकटक पाहत राहे. अन् मंग एक डाव मी घरी गेली तं ते माह्याजोळ आलीच नाई. आजीले आई म्हने. मले ‘अमरावतीवाली’ म्हने. पोराईले सांगे, अमरावतीवाली आली.”

कंडक्टरनं बेल वाजवली. बस हलली.

“अजूनबी तेच म्हंते?” मी विचारलं.

“आता कायबी म्हनत नाई. चांदूर बाजारले देली तिले. चांगला हाय जवाई. सनावाराले जातो मी. चहा देते.” मग म्हणाल्या, “तुमी मले इचारता ना, हे सारं कुठी शिकल्या म्हून. तिच्यापासून शिकली. तिले काय उपेग त्याचा.”



रेणू अकोल्यातच राहिली. अंतिम आदेश झाला. सगळं गोड झालं असं नाही. आज ती माध्यमिक शाळेत आहे, खोटं बोलते, मैत्रिणी टिकत नाहीत, परीक्षेच्या काळात अजून कपाटात खाणं सापडतं. ताई मला वर्षातून एखादा फोन करतात. मागे म्हणाल्या, “आता ती फक्त माझ्यावरच चिडते. बाहेर सगळ्यांशी नीट असते.” आणि हसल्या. मावशींनी मात्र रेणूबद्दल मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी आपण होऊन काही सांगू लागले की त्या हातातलं काम ठेवायच्या, पूर्ण ऐकायच्या आणि परत काम उचलायच्या.

माझी बदली अकोल्याला झाली त्यानंतर वर्षभरात मावशींना अर्धांगाचा झटका आला. संस्थेतून त्यांच्या लेकीला कळवलं. ती दुसऱ्या दिवशी जीप करून आली आणि त्यांना चांदूर बाजारला घेऊन गेली.

मी भेटायला गेले तेव्हा मावशींची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. लेक तिशीची, आईसारखीच उंच, अंगणवाडीत सेविका होती. दोनेक वर्षांची एक मुलगी पायात घुटमळत होती. लेक मावशींना खिमट भरवत होती. घास देताना तोंड पुसायची, पाणी द्यायची, सगळं नीट, सगळं वेळेवर. पण एकही शब्द न बोलता. मावशींचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

मला सोडायला ती फाटकापर्यंत आली. “मले त्याईले आई म्हनता येत नाई,” ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. “लय डाव ठरोलं. तोंडाशी येत नाई. बाकी सारं करतो मी.”

मी म्हटलं, “हातानं करताय ना.”

तिला त्यातलं काही कळलं नसावं.

मावशी पुढच्या पावसाळ्यात गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पुन्हा चांदूर बाजारला गेले. भन्तेजींनी गाथा म्हटल्या, लोक जेवायला बसले. संस्थेतल्या जुन्या आम्ही तिघी आलो होतो. एकीनं आणलेले जुने फोटो हातोहात फिरत होते: मावशी आणि पंचवीस मुलं, मावशी आणि तीस मुलं. लेकीनं ते सगळे पाहिले आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

“तुमी त्याईच्या संग लय वर्सं होत्या,” ती म्हणाली. “एक सांगा. त्या लेकराईले कडेवर कोन्या बाजूनं घेत?”

 रोज पाहिलेली गोष्ट, आणि मला डोळे मिटून आठवावी लागली. वरणाचं पातेलं, पळी, खोचलेला पदर, खांद्यावर टेकलेलं कोणाचं तरी डोकं.

“डाव्या,” मी म्हटलं. “उजवा हात कामाला मोकळा लागायचा.”

“मलेबी घेतलं असन तसंच. दोन वर्सं होतो ना मी त्याईच्याजोळ. मले काईच आठोत नाई.”

आतून तिची मुलगी रडत आली. गर्दीला बुजली होती. लेकीनं तिला उचलून उजव्या कडेवर घेतलं, उगी उगी करत दोन पावलं चालली. मग थांबली, आणि तिला सावकाश डावीकडे घेतलं.